हातात जोर नाही, की गिटारच जड?

‘गिटार आणि हात’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक एकाच सुराची आहेत: हातात जोर नाही, तो कसा वाढवायचा? मी फोंड्यात गिटार शिकवते आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी हेच विचारतो. माझं मत आधीच सांगून टाकते. जो हात पाण्याची बादली उचलतो, ओले कपडे पिळतो, दिवसभर स्कूटरचा ब्रेक दाबतो, त्या हातात गिटारची तार दाबण्याइतका जोर असतोच. तो वाया कुठे जातो ते शोधायचं. कधी तो गिटारमध्ये जिरतो, कधी अंगठ्यात, कधी वर उचललेल्या खांद्यात. पुढच्या बऱ्याचशा उत्तरांत हाच शोध आहे.

वय ६१. शाळेतून निवृत्त झाल्यावर गिटार घेतली. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड जमतात, पण एफ काही केल्या वाजत नाही, नुसतं खडखडतं. मार्चमध्ये थोडा थोडा लागत होता, पावसाळा सुरू झाला आणि तोही गेला. वयामुळे हात कमजोर होत चालला असेल का? नातवाने स्प्रिंगचं हँड ग्रिपर आणून दिलं आहे. दिवसातून किती वेळा दाबावं?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

गुरुजी, ग्रिपर बाजूला ठेवा. डाव्या हाताची बाही वर करा, उजव्या तळव्याने कोपराखालचा भाग नीट धरा आणि डावी बोटं टेबलावर ताल धरल्यासारखी हलवा. तळव्याखाली हालचाल जाणवेल. बोट वाकवणारे मोठे स्नायू तिथे, कोपराच्या खाली असतात. बोटात स्नायू नसतो, तिथे फक्त त्या स्नायूच्या कंडरा येऊन पोचतात. ग्रिपर दाबताना चारही बोटं एकदम, पूर्ण ताकदीने आवळली जातात. गिटारवर नेमकं उलटं काम आहे: एकेक बोट वेगळं ठेवायचं, बेताचं दाबायचं आणि लगेच सैल सोडायचं. ग्रिपरने मूठ आवळण्याची सवय लागते, आणि एफ कॉर्डवर तीच सवय नडते.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य. मार्चमध्ये लागत होता, पावसाळ्यात गेला! तीन महिन्यांत हात म्हातारा होत नाही, पण गिटार मात्र फुगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. लाकूड ती ओल शोषतं, वरची फळी फुगून किंचित वर येते, तिच्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेला तुकडा, तिच्याबरोबर उचलला जातो आणि तारा गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, म्हणजे फ्रेटपासून, लांब जातात. या अंतराला वाजवणारे ‘ॲक्शन’ म्हणतात. भरीव लाकडाच्या गिटारवर हे जास्त दिसतं, प्लायच्या गिटारवर कमी, पण दिसतं.

मोजायला शाळेतली स्टीलची पट्टी पुरे. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या तळापर्यंत किती जागा आहे ते पाहा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीनच्या वर गेली असेल तर त्या गिटारवर एफ लावायला माझ्याकडचे तरुण विद्यार्थीही घामाघूम होतात. मग तिसऱ्या फ्रेटच्या घरात (म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधल्या जागेत) तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते बघा. तिथे जेमतेम कागद सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ आहेत. एफ नटला लागूनच वाजतो, म्हणून उंच नटचा सगळा त्रास त्याच्याच वाट्याला येतो. दोन्ही गोष्टी चांगला दुरुस्ती करणारा थोड्या वेळात करून देतो. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली आणणार असेल तर जुनं सॅडल टाकू देऊ नका. त्याला नवं बनवायला सांगा. हिवाळ्यात लाकूड सुकलं, फळी खाली बसली की तारा खडखडू लागतात आणि तेव्हा जुनं सॅडल पुन्हा कामाला येतं. आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ती भिंत पावसात ओल धरते. पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

तारांचंही बघा. दुकानात मिळणाऱ्या स्टीलच्या गिटारवर बहुधा १२चा संच असतो, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची. सहाही तारा सुरात लावल्या की हा संच गिटारला सत्तर किलोहून अधिक ताणाने ओढत असतो. नायलॉनच्या तारांचा ताण साधारण त्याच्या निम्मा. तुम्ही १० किंवा ११चा संच चढवा. शिवाय सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावल्या तर ताण आणखी सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. गाताना सुराची अडचण वाटली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी) लावा, सूर मूळच्या जागी येतो.

एवढं झालं की हाताकडे या. एक बोट, एक तार. पाचव्या फ्रेटच्या घरात तारेवर बोट नुसतं टेकवा आणि तार छेडा. ठप्प आवाज येईल. छेडत राहा आणि बोटाचा दाब कणाकणाने वाढवा. आधी तार खरखरेल, मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथे थांबा. एवढाच दाब लागतो, त्यापुढचा सगळा वाया. आता तेच बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे सरकवा आणि पुन्हा करा. दाब आणखी कमी लागेल. रोज सुरुवातीला हे दोन-तीन तारांवर केलंत तर आठवडाभरात तुम्हाला स्वतःलाच कळेल की इतके दिवस किती जोर फुकट घालवत होतात.

आणि एफ. त्यात तर्जनी सहाही तारांवर आडवी असते, म्हणून सगळे सहाही तारा आवळायला जातात. पण पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या बोटांनी पुढच्या फ्रेटवर दाबलेली असतेच. तर्जनीला वाजवायच्या असतात फक्त तीन: सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तीन तारांवर ती सैल पडली तरी चालतं. तर्जनी सपाट ठेवू नका, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करा. त्या कडेला हाड जवळ असतं, मांस कमी, तार रुतत नाही. कोपर अंगाजवळ घ्या. अंगठ्याने गिटारची मान चिमटीत पकडण्याऐवजी हाताच्या वजनाने बोटं मागे ओढली जाऊ द्या. खात्री करायची तर क्षणभर अंगठा काढून वाजवून पाहा. उजव्या हाताच्या कोपराने गिटार पोटाशी धरली असेल तर कॉर्ड अंगठ्याशिवायही बराचसा वाजतो.

हा आकार पहिल्या घरात सुरू करू नका. पाचव्या घरात धरा, तिथे तो ए मेजर होतो आणि तारा नरम लागतात. तिथे जमला की एकेक घर खाली या. एफवर पोचायला महिना लागला तरी लागू द्या.

मी बारावीत आहे, गिटारच्या ग्रेडची परीक्षा देणार आहे. मागच्या वेळी परीक्षेच्या ठिकाणी एसीत बसून बोटं बर्फासारखी झाली आणि घरी सहज येणारे स्केल्स तिथे अडखळले. वॉर्म-अप नेमका कसा करायचा? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.
— विद्यार्थिनी, मडगाव

बाहेर ३२ अंश आणि आत एसी, ही आपल्या गोव्यातल्या वादकांची कायमची अडचण आहे. हात गार पडला की बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं, बोटं जाड आणि मंद वाटतात, त्वचेची जाणीवही बोथट होते. अशा बोटांना व्यायाम देण्याआधी ऊब दे. थर्मासमध्ये कोमट पाणी ने, एका छोट्या बाटलीत ओतून दोन्ही हातांत धरून बस. पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा पातळ स्वेटर घाल, कारण वर सांगितलं तसं बोटं चालवणारं यंत्र कोपराखाली आहे. ते उघडं पडलं तर बोटं चोळून फारसा उपयोग नाही. आत जायच्या आधी नळाखाली हात भिजवू नकोस. ओली, मऊ झालेली बोटं तारेवर चिकटतात आणि घट्टा दुखतो.

गिटार हातात नसताना खांद्यापासून सुरुवात कर. खांदे कानांपर्यंत उचल आणि सोडून दे. हात खाली लोंबते सोडून झटक. मनगटं गोल फिरव. मूठ हलकेच मिटून बोटं पूर्ण उघड, पुन्हा मिट. दुसऱ्या हाताने बोटं मागे खेचून ताणण्याचा प्रकार मात्र करू नकोस. गार कंडरांना खेचून त्या ऊब धरत नाहीत, हालचालीने धरतात. ताण द्यायचाच तर वाजवून झाल्यावर, तोही अलगद.

मग गिटार घे. पहिली दोन मिनिटं फक्त उजवा हात, मोकळ्या तारांवर, अंगठा आणि बोटं आलटून पालटून. डावा हात मांडीवर. हे बहुतेक जण गाळतात, आणि परीक्षेत उजवा हातच आधी थरथरतो.

त्यानंतर डाव्या हाताचा तो नेहमीचा एक-दोन-तीन-चार, एका घरात एक बोट. सगळे तो पहिल्या फ्रेटपासून सुरू करतात. क्लासिकल गिटारची तार नटपासून सॅडलपर्यंत बहुधा ६५० मिलिमीटर असते. त्या लांबीवर पहिली चार घरं मिळून १३४ मिलिमीटर भरतात आणि पाच ते आठ ही चार घरं १०६ मिलिमीटर. गार हाताला पहिल्याच मिनिटाला तीनेक सेंटीमीटर जास्त पसरायला का सांगायचं? पाचव्यापासून सुरू कर, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर, आवाज लहान. बोट उचलताना तारेपासून लांब उडू देऊ नकोस. प्रत्येक तारेवर एकदा गेलीस की एक घर खाली. पहिल्या घरापर्यंत येईतो हात आपोआप उघडलेला असतो. शेवटी परीक्षेत वाजवायच्या तुकड्यातल्या पहिल्या चार ओळी निम्म्या वेगाने वाजव आणि थांब. अवघड जागा तिथे बसून पुन्हा पुन्हा वाजवू नकोस. ती घरी झालेली असते, आणि वेटिंग रूममध्ये चुकली तर ती चूकच डोक्यात घेऊन तू आत जाशील.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. परीक्षेच्या आधी महिनाभर रोज हाच क्रम ठेव. हाताला तो ओळखीचा झाला की अनोळखी खोलीतही तो लवकर सैल होतो.

वय ४४. मुलाने सोडून दिलेली गिटार मी शिकते आहे. माझे हात लहान आहेत. जी कॉर्डला करंगळी पोचत नाही आणि अनामिका तर माझं ऐकतच नाही, मधलं बोट हललं की तीही हलते. आता या वयात बोटं सुटी होतील का?
— गृहिणी, कुडचडे

ताई, अनामिकेचं दुःख सगळ्यांचं आहे. तळवा टेबलावर ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं एकेक करून उचला. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळी उचलेल. अनामिका जागची हलणार नाही. हाताच्या पाठीवर मधल्या बोटाची आणि अनामिकेची बोट उचलणारी कंडरा आडव्या पट्टीने एकमेकींना बांधलेली असते. रचनाच तशी आहे, व्यायामाने ती पट्टी सुटत नाही. म्हणून अनामिका उंच उचलण्याचे व्यायाम करू नका. ती तारेपासून अर्धा सेंटीमीटर उचलली तरी गिटारला पुरतं, आणि तेवढी ती कोणत्याही वयात शिकते.

तुमच्या हाताचं माप मला माहीत नाही, पण बसण्याची पद्धत विचारते. गिटारची मान जमिनीला समांतर असते का? तशी असेल तर मनगट वाकडं होतं आणि करंगळीची पोच तिथेच संपते. डाव्या पायाखाली सहा इंचांचा पाट घ्या, गिटार डाव्या मांडीवर ठेवा, मानेचं टोक डोळ्यांच्या उंचीला येऊ द्या. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटासमोर ठेवा. अंगठा वरून डोकावत असेल तर तळवा मानेला चिकटतो आणि बोटं आखूड होतात. तो खाली घेताच करंगळी जवळजवळ एक घर पुढे जाते. आरशासमोर बसून पाहा, लगेच दिसेल.

शिवाय तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून शिका. साध्या अकूस्टिक गिटारवर पहिलं घर ३६ मिलिमीटरचं असतं. कॅपोच्या पुढचं पहिलं घर भरतं ३० च्या थोडं वर. कॉर्डचे आकार तेच, पसारा कमी. महिन्याभराने कॅपो दुसऱ्यावर, मग पहिल्यावर.

आणि बोटांचं म्हणाल तर जँगो राइनहार्टची गोष्ट तुमच्यासाठी. १९२८ साली त्याच्या घरगाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. त्याने तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांवर वादनाची पद्धत नव्याने बसवली, आखडलेली दोन बोटं कॉर्डपुरती मदतीला घेतली, आणि युरोपच्या जॅझमध्ये गिटारला पुढची खुर्ची मिळवून दिली. त्याचं ध्वनिमुद्रण ऐका आणि मग आपल्या हाताकडे बघा. चारही बोटं हलताहेत ना? मग वाजवा.

मी बँडमध्ये वाजवतो. पर्यटनाच्या सीझनमध्ये आठवड्यातून पाच-सहा रात्री कळंगुट-बागा भागात चार-चार तासांचे शो. गेले काही दिवस डाव्या हाताला मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. शोच्या आधी स्प्रे मारतो, मनगटाला पट्टा बांधतो. हात मजबूत करायला कोणते व्यायाम करू?
— गिटारवादक, पेडणे

बाबा रे, आत्ता कोणतेच नको. दुखणं आणि मुंग्या या वेगळ्या गोष्टी आहेत. वाजवून स्नायू थकला तर तो विश्रांतीने भरून येतो. मुंग्या येणं, बधिर होणं, झोपेतून जाग येणं हे नस दाबली जाण्याचं लक्षण आहे, आणि दाबलेल्या नसेवर व्यायाम चढवला तर ती आणखी दाबली जाते.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. कंडरांची आवरणं सुजली की जागा नसेचीच कमी होते. आज रात्री जाग आली की नेमकी कोणती बोटं बधिर आहेत ते बघ आणि लिहून ठेव. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर मनगटातल्या नसेचा संशय येतो. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू असेल तर नस बहुधा कोपराशी दाबली जाते. हे लिहिलेलं घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) ओपीडी आहे. सीझन संपल्यावर नको, या आठवड्यात. हातातून वस्तू निसटायला लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसू लागला तर एक दिवसही थांबू नकोस. स्प्रेने दुखणं कळेनासं होतं, आणि न कळणाऱ्या हाताने चार तास वाजवणं हे सगळ्यात वाईट. पट्टा बांधून वाजवणं तर बंदच कर. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट डॉक्टर सांगतील तसा वापर.

डॉक्टरांच्या उपचाराबरोबर स्वतःचा दिवसही तपास. पेडण्याहून बाग्याला बाईकने जातोस ना? डावा हात क्लचवर. वाटेतलं ट्रॅफिक आठव. म्हणजे पहिली कॉर्ड धरण्याआधीच त्या हाताने तासभर मूठ आवळलेली असते, आणि पहाटे परतताना पुन्हा तेच. सीझनपुरती कुणाची बिनगिअरची स्कूटर मिळते का बघ, नाहीतर ड्रमवाल्याच्या गाडीत बस. गिटारचा पट्टा किती खाली आहे? मांडीपर्यंत लोंबणारी गिटार दिसायला छान, पण तिने डावं मनगट काटकोनात वाकतं. बसल्यावर गिटार जिथे येते, उभं राहिल्यावरही तिथेच यायला हवी. आणि मॉनिटर स्पीकर स्वतःकडे वळव. समुद्राचा वारा, ड्रम्स आणि गिऱ्हाइकांचा गलका यांत स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस दोन्ही हातांनी दुप्पट जोर लावतो. सेटलिस्टमध्ये बार कॉर्डची (एफसारखी तर्जनी आडवी ठेवायची) चार गाणी ओळीने ठेवू नका. तीन-चार दिवस दुसऱ्या कुणाला बसवावं लागलं तरी बसव. पैसे बुडतील हे मला कळतं, पण हात गेला तर पुढचे सगळे सीझन जातात.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गिटारची ॲक्शन नीट आहे, पद्धतही शिक्षकांनी तपासली आहे. तरी बेंड सुरात पोचत नाहीत आणि हॅमर-ऑन फुसके वाजतात. खरोखरच ताकद वाढवायची असेल तर?
— विद्यार्थी, फोंडा

तुझ्यासारख्याला खरंच व्यायाम द्यावा लागतो. पण आधी बेंड, म्हणजे तार बाजूला ताणून सूर चढवणं: तो बोटाने ढकलायचा नसतो. अनामिका तारेवर, मागच्या घरांत मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मदतीला, अंगठा मानेवरून टेकलेला, तर्जनीचं बूड मानेच्या खालच्या कडेला टेकवलेलं. आता बोटं तशीच ठेवून मनगट दाराची मूठ फिरवावी तसं फिरव. जोर कोपराखालच्या मोठ्या स्नायूंचा लागतो. तिसऱ्या तारेच्या नवव्या घरातला सूर वाजवून कानात धर, मग सातव्या घरातून बेंड करून तिथे पोच. आधी कान, मग हात.

हॅमर-ऑनसाठी, म्हणजे पुन्हा न छेडता बोट आपटून सूर काढण्यासाठी: पाचव्या घरात तर्जनी धर, एकदा तार छेड आणि पुढे सातव्या घरात अनामिका आपटत-ओढत सूर जिवंत ठेव. १५ सेकंद, मग तेवढीच विश्रांती. हेच मधल्या बोटाने, मग करंगळीने. दोन फेऱ्या पुरे, आणि एक दिवसाआड. स्नायू वाढतो विश्रांतीच्या दिवशी, त्यामुळे रोज करून लवकर काही मिळत नाही. आवाज कमी-जास्त होऊ लागला की फेरी संपली. कोपराखाली जळजळ झाली तर हरकत नाही; सांध्यात किंवा मनगटात टोचलं तर त्या दिवशी बंद.

वादक बोटं मिटतात दिवसभर, उघडत मात्र नाहीत. जाडसर रबरबँड पाचही बोटांच्या टोकांभोवती घाल आणि बोटं सावकाश फाकव, सावकाश मिट. दहा-पंधरा वेळा. बोटं सोडण्याचा वेग याने सुधारतो, आणि जलद वाजवण्यात अर्धं काम सोडण्याचंच असतं.

आमच्या काजूच्या बागा आहेत. एप्रिलमध्ये ओल्या बिया फोडून गर काढताना चिकाने बोटांची सालं निघतात. मग गिटारच्या तारा सहन होत नाहीत. घट्टेही जातात. काय लावावं?
— बागायतदार, सत्तरी

भाऊ, काजूच्या टरफलातलं तेल त्वचा जाळतं, त्या जखमेवर तार म्हणजे मीठ. बिया फोडण्याआधी हातांना, विशेषतः डाव्या बोटांच्या टोकांना खोबरेल तेल चोपडा, किंवा हातमोजे घाला आणि बिया धरण्याचं काम शक्य तेवढं उजव्या हाताला द्या. सालं निघालीच तर ओढून काढू नका, खालची त्वचा कोरडी आणि बंद होईपर्यंत डावा हात तारांवर नको. तेवढे दिवस उजव्या हाताचं काम करा: मोकळ्या तारांवर लय, पिकचे (तारा छेडायच्या पत्तीचे) खाली-वर फटके, बोटांनी आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून छेडणं. घट्टे जातात त्याची काळजी नको. रोज थोडं वाजवलं की ते दोन-चार आठवड्यांत पुन्हा धरतात. पोळलेली त्वचा लाल राहिली किंवा पाणी धरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

चवथीत (गणेशचतुर्थीत) रोज रात्री घरोघरच्या आरत्यांना घुमट, म्हणजे मातीचं, चामडं ताणलेलं तालवाद्य वाजवतो. त्यानंतर दोन आठवडे गिटारवर उजवा हात जड पडतो. घुमट सोडू का?
— काणकोण

घुमट कशाला सोडता! वर्षभर न वाजवता चवथीच्या पहिल्या रात्री एकदम चार घरं वाजवणं सोडा. श्रावण लागला की रोज दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने घुमट काढा, म्हणजे मनगटाला मार अंगवळणी पडेल. डावा हात मातीच्या तोंडावर उघडझाप करतो, त्याला फारसं लागत नाही, म्हणून त्या दिवसांत गिटारवर डाव्या हाताचंच काम ठेवा. विसर्जनानंतर उजव्या हाताला दोन दिवस पूर्ण सुटी, मग पिकऐवजी बोटांनी हळू सुरुवात.

मुलगा सात वर्षांचा. गिटारच्या क्लासला घातलाय. बोटं दुखतात म्हणतो. पिळायला मऊ बॉल आणला आहे. आणखी कोणता व्यायाम द्यावा?
— पालक, वास्को

कोणताही नको. त्याच्या हातात कोणती गिटार दिली आहे ते आधी बघा. मोठ्यांची, स्टीलच्या तारांची असेल तर त्याचं दुखणं खरं आहे. त्याला अर्ध्या किंवा पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार द्या. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि बोट दुखलं की थांबायची मुभा. अख्खी कॉर्ड धरायला लावू नका. दोन तारांवर, एका बोटाने वाजणारी धून चालेल, ती गात गात वाजवू दे. शिक्षक बार कॉर्डची घाई करत असतील तर त्यांच्याशी स्पष्ट बोला. उंची वाढली, पाऊण आकाराची गिटार मांडीवर लहान दिसू लागली की मोठीचा विचार करू. तेव्हा पुन्हा पत्र पाठवा.